फिलला फाशी द्या!

हवामानाचा अंदाज चुकला की फासावर कोणाला चढवायचं? अमेरिकेतल्या ओहायोच्या एका सरकारी वकिलानं 2013 साली या प्रश्नाचा निकाल लावला. फिल नावाच्या ग्राउंडहॉगला!

हा फिल पेनसिल्व्हेनियातला, खारीच्या कुळातला, अंगानं गुबगुबीत. दर 2 फेब्रुवारीला उंच टोप्या घातलेली मंडळी त्याला बाहेर काढतात. सावली दिसली तर थंडी आणखी सहा आठवडे, नाही दिसली तर वसंत लवकर. त्या वर्षी दिसली नाही. मार्च उलटत आला तरी थंडी हलेना. वकील माइक ग्मोझर यांनी फिलवर लवकर वसंताची थाप मारल्याचा आरोप ठेवला आणि थेट मृत्युदंड मागितला.

गंमतच होती. पण गमतीतही आरोपी सापडला तो चार पायांचा.

मग फिलच्या मंडळाचे अध्यक्ष बिल डीली पुढे आले. फिल बरोबरच बोलला, समजायला मीच चुकलो, म्हणाले. साहेबाची चूक स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस! आपल्याकडे असता तर एव्हाना महामंडळावर असता.

ब्रिटनमध्ये असले चाळे चालत नाहीत. तिथं मेट ऑफिस आहे, सरकारी हवामान खातं.

तिथला तो मार्च 1962 नंतरचा सर्वात थंड. आधीचे डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीही त्याच्यापुढे उबदार ठरले. 31 मार्चला, ऐन ईस्टरच्या रविवारी, स्कॉटलंडच्या ब्रेमारमध्ये पारा उणे 12.5 अंशांवर. मेंढ्या कोकरांसकट बर्फाखाली गाडल्या गेल्या. कारणही सापडलं: उत्तरेला हवेचा जास्त दाब ठाण मांडून बसला, अटलांटिकचे उबदार वारे अडले, पूर्वेकडचे बोचरे वारे आत घुसले.

कारण नेहमीच सापडतं. कोकरं मेल्यावर.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट आणखी झकास. एप्रिल ते जून 2012 साठी मेट ऑफिसचं म्हणणं होतं की कोरड्या हवामानाकडे किंचित कल आहे. प्रत्यक्षात एप्रिल निघाला 1910 पासूनचा सर्वात ओला. पण ‘किंचित कल’ म्हणणाऱ्यावर खटला भरणार कसा? सावलीचं बरं असतं, एकतर दिसते नाहीतर नाही.

हसू नका. 2013 च्या त्याच मार्चमध्ये आपल्या दुष्काळी भागातली जनावरं चारा छावण्यांत उभी होती. एप्रिलमध्ये आपल्या हवामान खात्याचा अंदाज आला: देशात सरासरीच्या 98 टक्के पाऊस, अधिक-उणे 5. पडला 106 टक्के. अधिक-उण्याचं कुंपणही ओलांडलं, पण कोणी ब्र काढला नाही. जास्तीच्या पावसाची तक्रार कोण करतो?

विदर्भानं केली. तिथं अतिवृष्टीत उभी पिकं गेली. देशाची सरासरी घेऊन तो शेतकरी कुठल्या बँकेत जाणार होता?