आधी मिटून दाखवा

बाबागाडी घ्यायला गेलं की दुकानदार ती उघडून दाखवतो. छत्र पुढे ओढतो, पाठ खाली करतो, बाटली ठेवायचा कप्पा दाखवतो आणि गुळगुळीत फरशीवर एका बोटाने गाडी फिरवतो. आईबाप खूश होतात, पैसे देतात, गाडी घरी येते. प्रवासात ती निम्मा वेळ ज्या अवस्थेत राहणार, ती अवस्था मात्र कुणी बघतच नाही. माझं म्हणणं सरळ आहे. प्रवासाची बाबागाडी मिटलेली बघून निवडा. उघडलेली कुठलीही चांगलीच दिसते.

आमच्याकडचंच बघा. धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थानं. इथल्या मराठी घरांतली मुलं-सुना आता पुण्यात, बंगळुरात, कुणी परदेशात. दिवाळीला, नवरात्राला ती बाळ घेऊन आजी-आजोबांकडे येतात. बाळाला एकदा देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडेच्या पायावर घालायचं असतं. शिवाय, आलाच आहात तर मांडू बघून या, असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. म्हणजे चार-पाच दिवसांत त्या एका गाडीच्या वाट्याला विमान किंवा रेल्वे, रिक्षा, बस, खडी, पायऱ्या आणि जत्रेची गर्दी एवढं सगळं येतं. दुकानातली फरशी यात कुठेही नाही.

देवासच्या बसस्टँडवर नवरात्रात पाहिलेली गोष्ट सांगते. तिशीतली आई, कडेवर वर्षाचं मूल, खांद्याला बाळाची पिशवी, समोर उघडी गाडी. इंदूरची बस लागली. गाडी मिटायला दोन्ही बाजूंच्या दोन कळा एकाच वेळी दाबायच्या आणि पायाने खालची दांडी उचलायची, अशी तिची रचना. तिचे दोन हात आणि एक पाय त्यात गुंतणार, तर मूल धरायचं कुणी? नवरा मोठी बॅग टपावर चढवायला मागे गेलेला. कंडक्टर ओरडतोय, मागून लोक ढकलताहेत. शेवटी शेजारच्या एक मावशी पुढे झाल्या. "लाओ बेटा, बच्चा मुझे दो." मूल अनोळखी हातात गेलं आणि त्याने टाहो फोडला. आईने गाडी कशीबशी मिटली, तर ती मिटून राहीना. अडकवायची कडी तुटलेली होती, म्हणून ओढणीने बांधली आणि मग चढली. मावशी भल्या होत्या. पण रोज प्रत्येक स्टँडवर भली मावशी भेटेल या भरवशावर कुणी गाडी घेऊ नये.

तेव्हा पहिली परीक्षा ही. दुकानात मूल कडेवर घ्या आणि दुसऱ्या हाताने गाडी मिटा. मूल सोबत नसेल तर दहा किलो आट्याची पिशवी कडेवर घ्या. दुकानदाराला सांगा, "भैया, पहले बंद करके दिखाओ." त्याला स्वतःला एका हाताने जमलं नाही, तर घामाघूम झालेल्या आईला उन्हात जमणार नाही. मिटल्यावर ती आपोआप अडकते का, आपली आपण उभी राहते का, खांद्याला लटकवायला पट्टा आहे का, हे त्यानंतर पाहा. रंग सगळ्यांत शेवटी.

हलकी म्हणजे किती हलकी, यावर मोठा घोळ आहे. वर्षाचं मूल नऊ-दहा किलोचं. बाळाची पिशवी भरली की तीन-चार किलोची. त्यात सात-आठ किलोची 'लाइटवेट' गाडी म्हणजे जिना चढताना वीस किलोच्या आसपास ओझं, तेही एका अंगावर. खोक्यावर 'लाइटवेट' छापायला पैसे पडत नाहीत, आकडा विचारा. ओवेन मॅक्लारेन नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने १९६५ साली घडीच्या गाडीचं पेटंट घेतलं. त्याची मुलगी मॉस्कोहून बाळाला घेऊन इंग्लंडला आली आणि जड बाबागाडीने प्रवासात कसा जीव काढला हे तिने सांगितलं. मॅक्लारेनने स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या, मिटून आत जाणाऱ्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलं होतं. ती विद्या त्याने नातवंडासाठी वापरली आणि अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी केली. वजन साधारण पावणेतीन किलो. पंचावन्नहून अधिक वर्षं उलटली, साहित्य सुधारलं, आणि आपण आठ किलोची गाडी हलकी म्हणून विकत घेतो. कप्पे, गाद्या, दुहेरी चाकं, झुलणारी खेळणी चढवून कंपन्यांनी वजन वाढवलं. ते वजन उचलणार आहे ती आई.

छत्रीसारखी मिटणारी गाडी लांबट होते, जवळजवळ मीटरभर. बसमध्ये ती सीटच्या कडेला उभी राहते, पण रिक्षात आडवी ठेवली की बाहेर डोकावते. दुसरा प्रकार चौकोनी घडीचा. ती मिटून बॅगेएवढी होते, रेल्वेत बर्थखाली जाते, छोट्या कारच्या डिकीत इतर सामानाबरोबर मावते. देवासला रेल्वेने येणाऱ्यांनी चौकोनी घडीचीच घ्यावी. डब्याच्या बोळात लांबट गाडी ठेवली की रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय तिच्यात अडकतो.

विमानाने इंदूरला उतरणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. खोक्यावर 'केबिन साइज' लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नका. या वर्गातल्या एका नावाजलेल्या फ्रेंच गाडीचं मिटलेलं माप ५२ × ४४ × १८ सेंमी आहे. आंतरराष्ट्रीय विमान संघटनेच्या ५६ × ४५ × २५ या मापात ती बसते. आपल्या देशी विमानांत हातातल्या बॅगेला नेहमी लागणारी मर्यादा मात्र ५५ × ३५ × २५ सेंमी आणि वजन सात किलो. चव्वेचाळीस पस्तिसात जात नाही. दुप्पट-तिप्पट पैसे मोजून 'केबिन'ची गाडी घ्यायची आणि दारात ती खाली पाठवावी लागायची, याला काय अर्थ? बहुतेक कंपन्या बाळाची गाडी विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात आणि तिथे फुकट ताब्यात घेतात. तिकीट काढतानाच विचारून घ्या, आणि गाडीला झाकायला जाड कापडी पिशवी शिवून घ्या. सामानाच्या ढिगात चाकं आणि कड्या तुटतात त्या इथेच.

आता मांडू. धारहून पस्तीसएक किलोमीटर. श्रावणात तिथे ढग खाली उतरतात, मुंज आणि कापूर तलाव भरतात आणि दोन्हींच्या मध्ये जहाज महाल खरंच पाण्यात उभा असल्यासारखा दिसतो. लहान मुलांना हे दाखवावंच. पण पाच इंची फिरती चाकं ओल्या गवतात रुततात, फरसबंदीच्या फटीत अडकतात, आणि पुढचं चाक आडवं फिरलं की गाडी जागच्या जागी थांबते, मूल पुढे झुकतं. म्हणून पुढची चाकं सरळ दिशेत अडकवायची कळ आहे का ते पाहा. नसेल तर ती गाडी मॉलपुरती. जहाज महालाच्या गच्चीवर जायला पायऱ्या आहेत, जामी मशिदीचं जोतं चांगलंच उंच आहे, रूपमती मंडप तर डोंगराच्या कडेवर. इथे गाडी कितीही महाग असली तरी मूल उचलूनच न्यायचं. माझा सल्ला असा: मांडूला गाडी न्या, पण मूल अंगाशी बांधायची झोळीही न्या. होशंगशहाच्या मकबऱ्याच्या आवारात, सपाट वाटेवर, जेवणाच्या जागी मुलाला बसवायला गाडी. चढायला झोळी.

झोळीचं नाव काढलं की घरातली मोठी माणसं सरसावतात. "आमच्या वेळी कुठे होत्या बाबागाड्या? कडेवर वाढवली पोरं." वाढवली, मान्य. कुणाच्या कडेवर? आईच्या, आत्याच्या, नाहीतर घरात कामाला असलेल्या बाईच्या. पाठदुखीची मलमंही त्याच बायकांच्या फळीवर असायची. इथलंच जुनं उदाहरण घ्या. धारच्या किल्ल्यात जानेवारी १७७५ मध्ये दुसरा बाजीराव जन्मला. राघोबादादांनी पळापळीत गरोदर आनंदीबाईंना धारच्या पवारांच्या आश्रयाला ठेवलं होतं. पेशव्यांच्या घरातलं बाळ, त्याच्या दिमतीला पालखी होती, भोई होते, दाया होत्या. इतिहासात बाळाचं नाव राहिलं, ते उचलणारे हात राहिले नाहीत. आजच्या सुनेजवळ भोई नाहीत, दाई नाही, आणि नवरा बऱ्याचदा मोबाइलवर रिक्षा शोधत असतो. तिने चाकं मागितली तर ती नाजूक झाली, असं कुणी म्हणू नये.

याच धार जिल्ह्यातल्या आठवडी बाजारात भिल्ल बाया मुलाला कापडाच्या झोळीत अंगाशी बांधून, डोक्यावर ओझं घेऊन मैलोन् मैल चालताना दिसतात. ते कौशल्य आहे, आणि कष्टही आहेत. मूल अंगाशी राहतं, हात मोकळे राहतात, चढावर तोल सांभाळता येतो. शहरी आईने ते आपल्या आजीकडून किंवा कुणा जाणत्या बाईकडून शिकून घ्यावं. बाळाचं नाक-तोंड दिसलं पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये, हे पहिलं. सहा महिन्यांच्या आतल्या, मान नुकतीच धरलेल्या बाळाला तर पाठ पूर्ण सपाट न होणाऱ्या हलक्या गाडीत बसवूच नये. जाहिरातीतलं गोंडस बाळ कितीही लहान असो, आपल्या बाळाची पाठ महत्त्वाची.

सुरक्षिततेवर कुणी तडजोड करू नये, स्वस्तात मिळते म्हणून तर नाहीच. २००९ च्या नोव्हेंबरात मॅक्लारेन कंपनीने अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांची बिजागरी झाकायला कव्हरं दिली, कारण गाडी उघडताना मुलांची बोटं बिजागरीत सापडून टोकं तुटल्याच्या बारा घटना नोंदल्या गेल्या होत्या. नावाजलेल्या कंपनीचं हे, तर बिननावाच्या गाडीची बिजागरी आपणच बोट फिरवून तपासायला हवी. गाडी उघडताना-मिटताना मूल हातभर लांब, हा नियम घरात सगळ्यांना सांगा, आजोबांनाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेलबर्नच्या अॅशबर्टन स्टेशनवर एक गाडी फलाटावरून घरंगळत रुळांवर पडली, समोरून आगगाडी आली आणि तिने गाडीला धडक दिली. बाळ वाचलं. क्षणभर हात सुटला होता. फलाटावर थांबलात की आधी ब्रेक, मग तिकीट, मग फोन. आणि पट्टे पाच ठिकाणी अडकणारे हवेत, दोन खांद्यांवर, दोन कमरेला आणि एक पायांमधून. पायांमधला पट्टा नसेल तर झोपलेलं मूल खाली सरकतं.

मुठीला पिशव्या लटकवायची सवय सोडा. मूल बसलेलं असतं तोवर तोल राहतो. तुम्ही मूल उचलता आणि प्रसादाची, पाण्याच्या बाटल्यांची, ओल्या कपड्यांची पिशवी गाडीला मागे खेचते, गाडी उलटते, तिची दांडी शेजारी उभ्या दुसऱ्या मुलाला लागते. गाडी जितकी हलकी तितकं हे लवकर होतं. उन्हाळ्यात धारकडे जाताना छत्रावर कोरडी ओढणी पांघरायची, हेही बंद करा. आत हवा खेळत नाही आणि गाडीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा तापतो. त्यापेक्षा सकाळी नऊच्या आत निघा.

हे सगळं पालकांनी करायचं. बाकीचं ज्यांनी करायचं ते करत नाहीत, त्यावर मात्र बोललं पाहिजे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. सार्वजनिक जागी चाकाच्या खुर्चीला वाट असली पाहिजे हे त्यात स्पष्ट आहे. ती वाट झाली की बाबागाडीचीही होते, गुडघे दुखणाऱ्या आजीचीही होते. पण गावोगाव उतरणी अशा बांधल्या जातात की वर चढायला कपाळावर येणारा चढ, खाली नाली, मध्ये लोखंडी खांब. फुटपाथवर पेव्हर ब्लॉक बसवतात आणि सहा महिन्यांत त्यातला एक निघतो. नेमक्या त्याच खड्ड्यात पुढचं चाक जातं. रेल्वेने २०२२ च्या मे महिन्यात लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेली छोटी बाळ-बर्थ करून पाहिली. कल्पना चांगली होती, ती वाढवावी. पाच वर्षांखालच्या मुलाचं तिकीट लागत नाही, ही सवलत आहेच, पण बर्थही नाही, म्हणजे आई रात्रभर आपल्या बर्थच्या कडेलाच झोपते.

देवासच्या टेकडीवर आता रोप-वे आहे, त्यामुळे म्हाताऱ्यांची आणि लेकुरवाळ्यांची मोठी सोय झाली. एवढं झालं तर आणखी एक काम करावं, फार खर्चाचं नाही. मंदिरांबाहेर चपलांना स्टँड असतात, टोकन असतं, राखायला माणूस असतो. त्याच्याच शेजारी टेकडीच्या पायथ्याला सावलीत दहा-वीस बाबागाड्या मिटून ठेवता येतील एवढी जागा आखावी, तिलाही टोकन द्यावं. येत्या नवरात्राआधी हे सहज होण्यासारखं आहे. एक पत्रा, दोन खांब आणि टोकनांची एक दोरी लागेल.