चार दाती, काळ्या खुराचा

मुरबाडहून कर्जतकडे निघालं की वाटेत म्हसा लागतं. एरवी गाडीची काच खाली करावी असं तिथं काही घडत नाही. पण पौष पौर्णिमा आली की म्हसोबाची, म्हणजे खांबलिंगेश्वराची जत्रा भरते आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतले बैल तिथं येऊन उभे राहतात. पाळणे येतात, तमाशाच्या राहुट्या पडतात, घोंगडीवाले मांडून बसतात, जिलेबीच्या कढया चढतात. तरी जत्रेचं नाक म्हणजे बैलबाजार. माळावर नजर जाईल तिथवर शिंगंच शिंगं. डोसा की इडली हे ठरेपर्यंत वेटरला दोनदा परत पाठवणाऱ्या माणसानं अशा ठिकाणी पाऊल ठेवू नये. मी ठेवतो, कारण मला बैल घ्यायचा नसतो.

घ्यायचा असतो तो मामांना. शहापूर तालुक्यात डोंगराच्या कुशीत त्यांची भातखाचरं आहेत. ट्रॅक्टर तिथवर पोचत नाही. पॉवर टिलर पोचतो, पण त्याचं आणि मामांचं पटत नाही, कारण हाक मारली तर तो मान वळवत नाही. जोडीतला एक बैल थकला होता आणि मामा दुसरा शोधायला निघाले होते. बरोबर मी आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ. हा डोंबिवलीला असतो. त्याचा हुद्दा सांगायला अर्धा मिनिट लागतं. सारांश एवढाच की मोठमोठ्या कंपन्यांना निर्णय घ्यायला तो मदत करतो. त्याच्या स्वतःच्या हॉलला अजून पडदे नाहीत, कारण कापडाचे नमुने बघणं चालू आहे.

मामेभाऊ तयारीनिशी आला होता. मोबाइलमध्ये तक्ता. आडवे बैल, उभे गुण: शिंगं, डोळे, वशिंड, चाल. प्रत्येकाला दहापैकी मार्क. दुपारपर्यंत त्याचे साठ-पासष्ट बैल तपासून झाले आणि पाच जण एकतीस मार्कांवर बरोबरीत आले. मग त्यानं शेपटीचा रकाना वाढवला.

"शिंगांना मार्क कशाला दिलेस?" मामांनी विचारलं.

"दिसायला नकोत का चांगली, बाबा?"

"तुला वरात काढायचीय का नांगर धरायचाय?"

मग मामेभावानं ठेवणीतलं गणित काढलं. पुष्कळ उमेदवार एकामागून एक समोर येणार असतील तर पहिले सदतीस टक्के नुसते बघायचे, कुणालाही पसंत करायचं नाही. त्यानंतर त्या सगळ्यांपेक्षा सरस असा जो पहिला दिसेल तो उचलायचा. गणित खरं आहे, पुस्तकांत दिलेलं आहे. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. तंबाखू मळून झाली.

"आणि पहिल्या सदतिसातच चांगला असला तर?"

"तर तो गेला."

"जातो कुठं? दावणीला बांधलाय ना!"

मामेभाऊ गप्प झाला. मामांनी गणिताच्या नेमक्या कच्च्या दुव्यावर बोट ठेवलं होतं. ते सूत्र चालतं तेव्हा, जेव्हा एकदा नाकारलेला उमेदवार पुन्हा हाती लागत नाही. म्हशाचा बैल संध्याकाळपर्यंत तिथंच रवंथ करत असतो.

मामांची स्वतःची पद्धत बघण्यासारखी. ते बाजारात शिरले ते घरच्या गल्लीतून जावं तसे, इकडेतिकडे मान न वळवता. हातात काठी होती. मला वाटलं, वयाची. जवळून पाहिलं तर छातीएवढ्या उंचीवर कोयत्यानं केलेली एक खाच. घरी उरलेल्या बैलाच्या खांद्याला काठी लावून ती खाच पाडलेली होती! नवा बैल त्याच्या जोडीला जुंपायचा, तर खांदे सारखे हवेत; नाहीतर जू एका बाजूला कलतं आणि सगळा भार बुटक्यावर येतो. घरचा बैल उजवीकडून चालणारा, म्हणजे नवा डाव्या अंगाचा हवा. झालं. अर्धा बाजार इथंच गळाला.

उरलेला अर्धा पावसानं गाळला. आमच्याकडे चिखलणीच्या दिवसांत बैल पोटरीभर पाण्यात आणि डोक्यावर संततधार. त्याला डांगी जात हवी: काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, तेलकट कातडीची, टणक काळ्या खुरांची. अकोले-इगतपुरीच्या डोंगरांत पावसातच वाढलेली. शेजारच्या दावणीला एक पांढराशुभ्र खिल्लार उभा होता, शिंगं कमानीसारखी, चाल लग्नातल्या व्याह्यासारखी. मामेभावाच्या तक्त्यात त्याला अडतीस. मामांनी त्याच्याकडे कौतुकानं बघितलं, पाठीवर थापही मारली. म्हणाले, "देखणा आहे. माणदेशातल्या कोरड्या रानाचा राजा. आमच्या खाचरात नेला तर आखाडातच पाय घेऊन बसेल." आणि पुढे निघाले. हळहळ नाही, मागे वळून बघणं नाही. मला तर त्या खिल्लाराची आठवण अजून येते, आणि माझ्याकडे गुंठाभरसुद्धा जमीन नाही.

काठी, पाऊस आणि धोतराच्या सोग्यात बांधलेली रक्कम, एवढ्या चाळण्यांतून खाली उतरले ते तीन बैल. तिघांचीही तोंडं मामांनी उघडून पाहिली. बैलाला पुढचे दात खालच्याच जबड्यात असतात, त्यावरून वय कळतं. पहिला आठही दात पुरे झालेला, म्हणजे जुळलेला. दुसरा अजून आदत, त्याला पक्का दात नाही, शिकवण्यात पावसाळा जायचा. तिसरा चार दाती. "हा," मामा म्हणाले.

"पण बाबा, पलीकडच्या रांगा बघितल्याच नाहीत आपण!"

"तिकडं याच्याहून चांगला असेल की."

"मग?"

"मग काय? असू दे त्याच्या मालकाला."

हर्बर्ट सायमन नावाच्या अमेरिकन पंडितानं हेच मांडलं होतं: माणूस सर्वांत उत्तम शोधत बसत नाही, आपली गरज भागवणारं पुरेसं चांगलं मिळालं की थांबतो. त्यांना १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मामांना बैल मिळाला.

भाव ठरला तो उपरण्याखाली. हेड्यानं हात आत घातला, मामांनी घातला, वर कापड. आत बोटं धरली जात होती, सोडली जात होती, वर दोघांचे चेहरे दशक्रियेला बसल्यासारखे. मामेभावाला हा अपारदर्शक व्यवहार अजिबात रुचला नाही. मला मात्र त्यात मोठी सोय दिसली. शेजारचा बैल कितीला गेला हे कुणालाच कळत नाही, त्यामुळे घरी गेल्यावर 'आपण दोन हजार जास्त मोजले' म्हणून कुणी कूस बदलत नाही. मोबाइलवर वस्तू घेतल्यानंतर तीच स्वस्त झाल्याचं दुसऱ्या दिवशी जो संदेश येतो, त्यावर असं एखादं उपरणं कुणी टाकेल काय?

परतताना टेम्पोत मामेभावानं जॅमचा प्रयोग सांगितला. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या दोघांनी कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात जॅम मांडले. हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. टेबलावर २४ प्रकार होते तेव्हा थांबलेल्या शंभरांतल्या तिघांनी बाटली घेतली, ६ होते तेव्हा तिसांनी. म्हणजे पर्याय वाढले की माणूस गांगरतो. पुढे २०१० साली अशा पन्नास प्रयोगांची एकत्र बेरीज झाली तेव्हा सरासरी फरक शून्याच्या आसपास निघाला, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. म्हणजे कुणी गांगरतं, कुणी नाही. आपल्याला काय हवं हे घरूनच ठरवून आलेल्याला चोवीस बाटल्यांचं भय वाटत नाही.

"त्या लोकांच्या घरी आधीचा जॅम किती होता?" मामांनी विचारलं. ते कुणी नोंदवलं होतं की नाही, मामेभावाला सांगता येईना. मागं चार दातीनं टेम्पोच्या फळीवर खूर आपटला.

तुम्ही म्हशाला जाणार असाल तर बैल घेऊ नका, उगाच पार्किंगचा प्रश्न येईल. घोंगडी घ्या. हात फिरवून बघा. अस्सल लोकर टोचते आणि ओली झाली की मेंढीचा वास मारते. मऊ लागली आणि वासही नसला तर ती दुसऱ्याच कशाची तरी आहे, ठेवून द्या. आणि जाण्याआधी घरातला पलंग मोजून एक दोरी कापून खिशात घाला. रंगाची चिंता करू नका, ती बहुतेक काळीच मिळते.