मुद्रणस्थळ : येरवडा

पुण्यात कुणी "मी येरवड्याला असतो" म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो. कारागृहात की मनोरुग्णालयात, एवढाच प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर उरलेला असतो. आम्हा येरवडेकरांना त्याची सवय झाली आहे. पण या गावाला खरी प्रतिष्ठा मिळवून देणारी तिसरी संस्था कुणाच्या ध्यानातच येत नाही. ती म्हणजे येरवडा कारागृह मुद्रणालय. एखादा जुना सरकारी फॉर्म सापडला तर तळाशी बारीक अक्षरात पाहा. माणूस मंत्रालयात गेला नसेल, तहसीलदाराला भेटला नसेल, पण येरवड्यात छापलेल्या कागदावर त्याने कधीतरी सही केलेली असण्याचा बराच संभव आहे.

ही परंपरा साहेबाच्या अमदानीतली. मुंबई इलाख्याचं गॅझेट निघायचं मुंबईच्या सरकारी मध्यवर्ती छापखान्यातून, पण खात्याखात्यांचे अहवाल आणि फॉर्म "येरवडा प्रिझन प्रेस" अशी ओळ मिरवत बाहेर पडायचे. योजना म्हणून तिचं कौतुकच करायला हवं. कायदा मोडला म्हणून आत आलेला माणूस खिळे जुळवतो, शाई लावतो, आणि बाहेरच्यांनी पाळायच्या नियमांचे कागद छापतो. बाहेरचा ते पाळू शकला नाही तर आत येतो. कामगारांचा तुटवडा पडण्याची भीतीच नाही.

सरकारची दूरदृष्टी एवढ्यावर थांबली नाही. येरवड्याच्या माळावर डेक्कन कॉलेजची इमारत 1868 मध्ये उभी राहिली आणि कारागृह 1871 मध्ये. मध्ये तीनच वर्षं. बाळ गंगाधर टिळक नावाच्या विद्यार्थ्याने दोन्ही ठिकाणी हजेरी लावली. बी.ए. पहिल्या इमारतीतून केलं आणि राजद्रोहाच्या शिक्षेचा शेवटचा भाग दुसऱ्या इमारतीत काढून सप्टेंबर 1898 मध्ये बाहेर आले. दोन्हींत पायी जाण्याइतकं अंतर. शिक्षणाचा खर्च वाया जाऊ नये याची इतकी काळजी आजकाल कोण घेतं?

आता मूळ विषयाकडे. सरकारी सूचनेचा हेतू लोकांना काही कळवणं असा असतो, ही भाबडी समजूत आहे. सूचना काढली जाते ती पुढे "तुम्हाला कळवलं होतं" असं म्हणता यावं म्हणून. कळणं ही प्रजेची जबाबदारी. ही कला कंपनी सरकारने आणि मग राणी सरकारने कशी वाढवली, हे बघायचं तर परीक्षांच्या सूचना वाचाव्यात.

सनदी नोकरीची स्पर्धा परीक्षा 1855 मध्ये सुरू झाली. 1858 च्या जाहीरनाम्यात राणीने वंश-धर्माचा भेद न करता नोकरीचं दार सगळ्यांना उघडं राहील असं सांगितलं. दार उघडंच होतं, फक्त लंडनला होतं. ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी 750 गुण, संस्कृतला 375. म्हणजे काशीला बारा वर्षं घासलेल्या पंडिताची किंमत होमर वाचलेल्या पोराच्या बरोबर निम्मी, आणि तीही त्याने समुद्र ओलांडला तर. समुद्र ओलांडून परतल्यावर इकडच्या परीक्षामंडळाची तोंडी परीक्षा वेगळी. पुण्यात 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतल्याबद्दल रानडे आणि टिळकांसकट बऱ्याच मंडळींवर शंकराचार्यांपुढे प्रकरण चाललं. कपाला तोंड लावणारे आणि न लावणारे असे पोटभेद पडले. चहासाठी एवढं, तर तीन आठवडे बोटीवर जेवलेल्याला काय सोसावं लागत असेल! तेव्हा सूचना फक्त साहेबच काढत होता, असं कुणी समजू नये. आपल्याकडेही छापखाना होता, फक्त शाई वेगळी.

या सगळ्यातून पार पडलेला मराठी माणूस म्हणजे श्रीपाद बाबाजी ठाकूर. 1869 मध्ये ते लंडनला परीक्षा उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्त हे तिघे बंगालीही पास झाले. एकाच वर्षी चार हिंदी उमेदवार! आयोगाने पुन्हा एकदा कागद तपासले. ठाकूर आणि बॅनर्जी या दोघांची वयं जास्त भरली. कशी? मॅट्रिकच्या अर्जात बॅनर्जींचं वय सोळा लिहिलेलं. आपल्याकडे सोळावं लागलं की माणूस सोळा वर्षांचा होतो, हे आजीला माहीत होतं, अर्ज भरणाऱ्या कारकुनाला माहीत होतं, उभ्या हिंदुस्थानाला माहीत होतं. लंडनच्या आयुक्तांना फक्त पूर्ण झालेली वर्षं माहीत. त्यांनी उलटं गणित मांडून उमेदवाराला त्याच्या आईच्या आठवणीपेक्षा एक वर्ष आधी जन्माला घातलं आणि एकविसाच्या मर्यादेबाहेर काढलं. प्रकरण क्वीन्स बेंच न्यायालयात गेलं, न्यायमूर्तींनी आयुक्तांना कारण विचारलं, आणि आयुक्तांनी मुकाट्याने दोघांनाही यादीत परत घेतलं. ठाकूर पुढे मुंबई इलाख्यात अधिकारी झाले. जन्मतारखेचा पुरावा मागायची आपल्या कचेऱ्यांची आवड किती जुनी आहे, याचा हा पुरावा.

चूक सुधारण्याची सरकारी पद्धत मात्र निराळी. मोजणी सुधारण्याऐवजी 1876 मध्ये कमाल वयच एकवीसवरून एकोणीसवर आणायचं ठरलं. म्हणजे सदाशिव पेठेतल्या मुलाने मिसरूड फुटायच्या आत बोटीत बसावं, परक्या भाषेत त्या भाषेच्या पोरांशी झुंजावं आणि एकोणिसाच्या आत निकाल लावावा. कुणी पास झालंच तर घोड्यावरची परीक्षा होतीच. अरविंद घोष लेखी परीक्षेत वर होते, घोडेस्वारीच्या परीक्षेला गेलेच नाहीत आणि बाद झाले. नंतर ते बडोद्याला सयाजीरावांच्या चाकरीत आले. घोडा नसलेल्या उमेदवारांचा फायदा संस्थानांना व्हायचा तो असा.

मग 2 जून 1893 रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या हाऊस ऑफ कॉमन्सने ठराव केला की ही परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी. ठराव मंजूर. टाळ्या. त्यानुसार हिंदुस्थानात पहिली परीक्षा झाली 1922 मध्ये, अलाहाबादला. एकोणतीस वर्षं! मंजूर झालेल्या कागदाला टेबलावरून उठायला एवढा काळ लागणं हे तेव्हाच्या मानाने वेगवानच म्हणायला हवं. दरम्यान चिंतामणराव देशमुखांनी लंडनला जाऊन 1918 च्या परीक्षेत पहिला नंबरच काढला. ठरावाची वाट पाहत बसले असते तर कोकणातला हा मुलगा रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर न होता रोह्याला उत्तम वकिली करत राहिला असता.

लोकशाहीत ही गती सुधारली हे मान्य केलंच पाहिजे. 11 मार्च 2021 रोजी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा पुढे ढकलली. नवी पेठेतल्या खोल्यांमधून मुलं शास्त्री रस्त्यावर उतरली, आणि दुसऱ्याच दिवशी 21 मार्च ही नवी तारीख मिळाली. इंग्रजांना एकोणतीस वर्षं, आपल्याला चोवीस तास. फक्त रस्ता अडवावा लागतो.

जकातीच्या सूचना जरा रुक्ष असतात, म्हणून लवकर आटपतो. 1896 मध्ये सरकारने मँचेस्टरच्या कापडावर साडेतीन टक्के आयात जकात ठेवली. आपल्या गिरण्यांना तेवढाही आधार मिळू नये म्हणून इथे विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के उत्पादन कर बसवला. याला समन्याय म्हणतात. पेशवाईतले साडेतीन शहाणे पुण्याला ठाऊक होते. हे साडेतीन टक्क्यांचे शहाणे लँकेशायरहून आले आणि 1925 अखेरपर्यंत राहिले. केसरीने त्यावर रकाने भरून लिहिलं. सरकारने ते वाचले असावेत, कारण पुढच्याच वर्षी संपादक आत होते. अर्थात खटला निराळ्याच लेखनावर होता.

खरी गंमत 1878 च्या समुद्री जकात कायद्यात आहे. त्यातलं कलम 19 दिसायला गरीब. एखादा माल देशात येऊ नये असं सरकारला वाटलं तर त्याने तशी अधिसूचना काढावी. माल म्हणजे नासकं मांस, खोटी नाणी, असंच कुणाला वाटेल. 1909 मध्ये या कलमाखाली एक पुस्तक माल ठरलं. विनायक दामोदर सावरकरांचं 1857 वरचं पुस्तक छापून बाजारात यायच्या आधीच बंदीची सूचना निघाली. न वाचलेल्या पुस्तकाचं परीक्षण लिहिणारे समीक्षक आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण ती प्रथा जकात खात्याने सुरू केली याचं श्रेय त्याला मिळत नाही. प्रती तरीही आल्या. कुणाला पिकविक पेपर्सचं वेष्टण, कुणाला डॉन क्विक्झोटचं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला एका पेटीच्या चोरतळातून वीस ब्राउनिंग पिस्तुलं लंडनहून मुंबई बंदरात उतरली होती. ती कुणाच्या नजरेस पडली नाहीत. पुस्तक मात्र पडायला हवं, असा आग्रह.

बोटींचंही तेच. सावरकरांना इंग्लंडात अटक करून मोरिया बोटीने इकडे आणत असताना 8 जुलै 1910 रोजी त्यांनी मार्सेयला उडी मारली. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून परत बोटीवर दिलं. फ्रान्सने तक्रार केली आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. फेब्रुवारी 1911 मध्ये निकाल लागला: अटकेत अनियमितता झाली हे खरं, पण म्हणून माणूस परत द्यायची गरज नाही. एवढा लोभस सरकारी निर्णय मी दुसरा वाचलेला नाही. "चूक झाली आहे, तथापि कार्यवाही योग्य आहे" असा शेरा लिहिणाऱ्या प्रत्येक अव्वल कारकुनाने हेगकडे तोंड करून नमस्कार करावा. बॅरिस्टरीची परीक्षा सावरकर आधीच पास झाले होते, पण ग्रेज इनने सनद दिली नाही. मुंबई विद्यापीठाने बी.ए.ची पदवीही परत घेतली, ती 1960 मध्ये परत दिली. दरम्यान सरकारने त्यांना अंदमानला नेण्यासाठी फुकट बोट दिली. तिचं नाव महाराजा. 6 जानेवारी 1924 रोजी त्यांची सुटका झाली ती येरवड्यातून. त्या दिवशी याच तुरुंगाच्या रजिस्टरात आणखी एका बॅरिस्टराचं नाव होतं: मो. क. गांधी, राजद्रोह, सहा वर्षं.

गांधी पुन्हा आले मे 1930 मध्ये. 6 एप्रिलला दांडीला मीठ उचललं, 5 मेच्या पहाटे कराडी गावात अटक झाली. गाडी बोरिवलीला थांबवून त्यांना मोटारीने येरवड्याला आणलं. मिठाचा कायदा मोडला होता, तेव्हा मिठाच्या कायद्याखाली खटला चालवायचा हे कुणीही सांगेल. सरकारने काढला 1827 चा रेग्युलेशन 25. एकशेतीन वर्षांपूर्वीचा, एल्फिन्स्टनच्या काळातला, जेव्हा आगगाडी नव्हती, बोरिवली स्टेशन नव्हतं आणि येरवड्याला तुरुंग नव्हता. खटला नको, मुदत नको, सरकारची मर्जी असेपर्यंत आत. नियम कधी रद्द करू नये, तो कपाटात ठेवावा, हे शहाणपण तिथून आलं. कायदा मोडणारा माणूस सभ्य असल्याने त्याच्या खर्चासाठी महिना शंभर रुपये मंजूर झाले. इतके लागणार नाहीत, असं त्याने कळवलं. सरकारी मंजुरी खर्च न करणारा हा इसम धोकादायक आहे याबद्दल हिशेब खात्याची तरी खात्री पटली असेल.

26 जानेवारी 1931 ला ते सुटले. 1947 मध्ये मिठावरचा कर गेला, आणि दांडी सार्थकी लागली असं आपण शाळेत शिकलो. पुस्तकात धडा तिथे संपतो. 1953 मध्ये आपल्याच संसदेने मीठ उपकर कायदा केला. पुढे त्याचा दर होता चाळीस किलोला चौदा पैसे. तो 2016 मध्ये रद्द झाला, रीतसर. रद्द झाल्याची बातमी येरवड्यात कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. वाचणार कशी? आपण मिठावर काही भरतो आहोत याचीच आम्हाला त्रेसष्ट वर्षं खबर नव्हती. सूचना मात्र निघालेली होती.