दहाचा शिक्का नाकारणाऱ्या भाऊंना खुले पत्र

भाऊ,

तुमचं नाव लिहीत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. बडनेरा स्टेशनबाहेर तुम्ही ऑटो चालवता, अमरावतीच्या राजकमल चौकात गिला वडा विकता, अकोल्यात किराणा तोलता. गिऱ्हाइकानं दहाचं नाणं पुढं केलं की तुमचं वाक्य ठरलेलं, "हा शिक्का इकडं नाई चालत जी, नोट द्या."

हा हुकूम तुम्हाला दिला कोणी? रिझर्व्ह बँकेनं तर दिला नाही. दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध आहेत, असं तिनं 17 जानेवारी 2018 रोजी जाहीर केलं. चौकशीसाठी 14440 हा निःशुल्क क्रमांकही दिला. तुम्ही तो फिरवला नाहीत. तुम्ही नाण्यावरच्या रेघा मोजत बसलात. दहा असल्या तर खरं, पंधरा असल्या तर खोटं, रुपयाचं चिन्ह नसलं तरी खोटं! अहो, रुपयाचं चिन्ह 2010 मध्ये ठरलं. त्याआधी पाडलेल्या नाण्यावर ते येणार कुठून? चिन्ह आलं तेव्हा नक्षी बदलली, रेघा बदलल्या. किंमत दहाच राहिली. एक रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्याला चालतात, असं 2011 चा नाणे कायदा सांगतो. संसदेनं केलेला हा कायदा तुम्ही गल्ल्यावर बसून रद्द करता, तोही चहाच्या बिलापायी.

मुंबईहून रात्रीच्या गाडीनं निघालेला माणूस सकाळी बडनेऱ्याला उतरतो. गाडीत बसण्याआधी त्यानं ज्या नाण्यांवर पाण्याची बाटली घेतली, त्यातलीच उरलेली त्याच्या खिशात असतात. सालाखाली हिऱ्याची खूण असेल तर ते नाणं मुंबईच्याच टांकसाळीत पडलेलं. तिथं ते चालतं आणि त्याच राज्यात, तुमच्या हाताशी येऊन मरतं. खिशात अशी दहा नाणी असली तर कुटुंबाचा नाश्ता अडकतो. मग तो शंभराची नोट काढतो, तर तुम्ही म्हणता, "चिल्लर नाई." उरलेल्या पैशांच्या बदल्यात चॉकलेट हातावर ठेवता. चिल्लर तो घेऊन आला होता, भाऊ. ती तुम्हीच परत केलीत.

मोबाइलवर पैसे देणारा यातून सुटतो. अडकते ती खेड्यातून दवाखान्यात आलेली म्हातारी. तिची बचत शिक्क्यांतच असते. शेगावला दर्शनासाठी निघालेला मजूर अडकतो. ज्याच्याकडे कमी, त्यालाच तुम्ही खोटा ठरवता, आणि याचा मला संताप येतो.

2008 च्या सुमारास अर्जेंटिनात ब्यूनॉस आयर्सच्या बसमध्ये फक्त नाणी चालत आणि नाण्यांचाच दुष्काळ पडला होता. दुकानदार सुट्ट्याऐवजी गोळ्या देत, कधी विक्रीच नाकारत. त्यांच्याकडे नाणी नव्हती. तुमच्यापुढं ती ठेवलेली असतात. इथं 25 जानेवारी 2025 ला एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, तेव्हा वाहक आणि प्रवासी सुट्ट्यांवरून भांडले. वापरात असायला हवी ती नाणी घराघरांतल्या डब्यांत पडून होती.

तुम्ही म्हणाल, ठोकवाला घेत नाही, बँकेत कुरकुर करतात. ही अडचण खरी आहे. पण शाखांनी नाणी स्वीकारलीच पाहिजेत, असं रिझर्व्ह बँकेनं बजावलंय. शाखेनं नकार दिला तर लेखी मागा, वर तक्रार करा, बाजारातल्या चार दुकानदारांना सोबत न्या. बँकेपुढं गप्प बसायचं आणि म्हातारीपुढं आवाज चढवायचा, याला व्यवहार म्हणत नाहीत.

उद्या पहिल्या गिऱ्हाइकाकडून शिक्का घ्या. दुसऱ्याला सुट्टे म्हणून तोच द्या. तो कुरकुरला तर कायदा सांगा. अफवा तुमच्या तोंडून पसरली, ती मोडायचं कामही तुमचंच आहे.

आपला,
एक प्रवासी