आमच्या सोसायटीचं सामाजिक व आर्थिक समालोचन

दहावीच्या गुणवंतांना पेन द्यायचं की पाण्याची बाटली, एवढाच विषय होता. इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत तो दर जूनमध्ये निघतो, तावातावाने चर्चा होते आणि बहुमताने पेन ठरतं, कारण ते स्वस्त पडतं. मी सेक्रेटरी. ‘पेन, डबीसह’ एवढं इतिवृत्तात लिहून मोकळं व्हायचं सोडून मी म्हणालो, “या वर्षी सत्कार जरा शास्त्रीय पद्धतीने करू या.” खजिनदारांनी विचारलं, “शास्त्रीय म्हणजे किती खर्च?” म्हटलं, काहीच नाही. तत्काळ मंजूर झालं.

निवृत्तीनंतर माणसं अध्यात्माकडे वळतात. मी राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे वळलो. त्यांचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ माझ्या उशाशी असतं. रात्री त्यातली दोन-चार कोष्टकं वाचल्याशिवाय मला झोप येत नाही, आणि मी ती मोठ्याने वाचतो म्हणून बायकोला येत नाही. दहावीचा निकाल लागला की लोक पोरांचे मार्क बघतात, मी विभागनिहाय टक्केवारी बघतो. २०२५ च्या निकालात राज्याचे ९४.१० टक्के. कोकण ९८.८२ वर, नेहमीप्रमाणे पहिला. आमचं नाशिक ९३.०४, म्हणजे नऊ विभागांत पाचवं, बरोब्बर मधोमध. ना पेढे वाटावेत, ना तोंड लपवावं. आणि लातूर! शंभर टक्के मिळवणारी राज्यात २११ मुलं, त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. पण उत्तीर्णांच्या टक्केवारीत तोच विभाग शेवटून दुसरा. अशा ठिकाणी मी पानावर बोट ठेवून बराच वेळ बसतो.

या आकड्यांचे स्वभाव मला पाठ झालेत. २०१८ मध्ये ८९.४१ असलेला निकाल २०१९ मध्ये एकदम ७७.१० वर आला. पोरं एका वर्षात ढ झाली नव्हती. शाळेच्या हातातले तोंडी परीक्षेचे २० गुण तेवढे काढून घेतले होते. पुढच्या वर्षी ते परत दिले, निकाल ९५.३० वर. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही, तर निकाल ९९.९५ टक्के. परीक्षा घेऊन आपण उगाच मुलांचं नुकसान करतो, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

पण एक गोष्ट या कोष्टकांत सापडत नाही. पैसेवाल्याच्या पोराला जास्त मार्क पडतात, हे चहाच्या टपरीपासून क्लासच्या जाहिरातीपर्यंत सगळे धरून चालतात. ते आकड्यात मांडलेलं बघायचं तर कुठे? बोर्डाला पोराचे गुण ठाऊक, बापाची तिजोरी नाही. दुसरीकडे केंद्राची नमुना पाहणीवाली मंडळी घरोघर फिरून कर्ज आणि मालमत्ता विचारतात. २०१९ च्या पाहणीत शहरातल्या कुटुंबाची सरासरी मालमत्ता २७ लाख १७ हजार निघाली, आणि वरच्या दहा टक्के घरांकडे एकूण शहरी मालमत्तेतला ५५.७ टक्के वाटा. पण त्या घरांतल्या पोरांना गणितात किती पडले, ते त्यात नाही. एका खात्याला मार्क ठाऊक, दुसऱ्याला सोनं. या दोघांची सोयरीक जमवायची कामगिरी मी अंगावर घेतली. चोवीस फ्लॅट, एक वही, आणि माझा उत्साह. लिफ्ट त्या आठवड्यात बंद होती, तरीही.

संपत्तीच्या रकान्यासाठी व्याख्या हवी होती. ती मी जुन्या संपत्ती करातून उचलली. आपल्याकडे १९५७ पासून हा कर होता, हे नव्या पिढीला ठाऊक नसतं आणि जुन्या पिढीने कधी भरलेला नसतो. १९५६ साली केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर इथे येऊन अहवाल देऊन गेले, त्यातली ही कल्पना. तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे आयसीएसला पहिले. गुण आणि संपत्ती एका माणसात एकत्र आणायची तर याहून वरचं उदाहरण नाही. फरक इतकाच, की संपत्ती देशाची होती. कर प्रत्यक्ष आला तोवर मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला होता.

शेवटी शेवटी या कराचं रूप असं होतं : तीस लाखांच्या वरच्या निव्वळ संपत्तीवर एक टक्का. सोनं-नाणं, मोटारी, शहरातली मोकळी जमीन, जादाची घरं, पन्नास हजारांवरची हातातली रोकड, शिवाय नावा आणि विमानं. राहतं एक घर माफ. शेअर आणि ठेवी मोजायच्याच नाहीत. एवढ्या सोन्याच्या देशात २०१३-१४ साली त्यातून गोळा झाले १,००८ कोटी. म्हणजे ढोबळ हिशेबाने, तीस लाखांच्या वरची अख्ख्या भारताची कबूल संपत्ती लाखभर कोटी. २०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी हा करच रद्द केला आणि त्याऐवजी कोटीच्या वर उत्पन्न असलेल्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला. वसुलीपेक्षा कटकट मोठी, असं एकूण कारण. मला तेव्हा हे पटलं नव्हतं. घरोघर जाऊन नीट, गोडीत विचारलं तर लोक का नाही सांगणार?

मार्कांचा रकाना झटपट भरला. चौथ्या मजल्यावरच्या मॅडमनी मुलीचे ९२ सांगितले. गुणपत्रिकेवर ८९.२० दिसत होते. मी चष्मा सावरला, तर म्हणाल्या, “पेपर तपासणीला टाकलाय, वाढणारच आहेत. वाढल्यावर परत कुठे खोडाखोड करता?” तळमजल्यावरचे आजोबा अकरावीवाल्या जुन्या एसएससीचे. टक्के पंचावन्न. पण ते म्हणाले, “नुसते पंचावन्न लिहू नका. पायाभूत वर्ष लिहा. महागाई निर्देशांक लावा.” मी लावला. एकशे चाळीसच्या वर गेले. शेवटी आमचं सत्त्याण्णववर मिटलं.

मग संपत्ती.

दुसऱ्या मजल्यावर पिंपळगावकडचे एक द्राक्षबागायतदार राहतात. मुलांच्या शाळेसाठी फ्लॅट घेतलाय, खाली दोन गाड्या उभ्या. मला बसवलं, चहा दिला, घरचे बेदाणे समोर ठेवले आणि म्हणाले, “लिहा साहेब. निरंक.”

“अहो, खाली फॉर्च्युनर उभी आहे.”

“ती बँकेची. आपण नुसती चालवतो.”

“गावाकडचा बंगला?”

“मळ्यात घर आहे. बंगला लोक म्हणतात.”

“आणि बाग?”

“बाग ही काय संपत्ती आहे का, साहेब? एक अवकाळी आला की उलट आम्हीच तिचे देणेकरी.” मग बेदाण्यांची पिशवी माझ्या हातात देत म्हणाले, “ही तुमच्या संपत्तीत लिहा.”

कायद्याने त्यांचं बागेबद्दलचं म्हणणं बरोबरच होतं. शेतजमीन संपत्ती करातून वगळलेलीच होती. तिसऱ्या मजल्यावरच्या सीए साहेबांनी वही ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी परत दिली, तेव्हा त्यांच्या एका ओळीखाली तीन पानी टिपा जोडलेल्या. हिंदू अविभक्त कुटुंबाचं वेगळं, पत्नीचं स्त्रीधन वेगळं, बाकीचं वजा घसारा. शेवटी निव्वळ संपत्ती : उणे दोन लाख. “ही उणे रक्कम पुढच्या वर्षी ओढून घ्या,” असंही समासात लिहिलं होतं.

तोवर वॉचमनने बातमी फिरवली होती, की इन्कम टॅक्सचा माणूस सोसायटीत हिंडतोय आणि त्याला आपले सेक्रेटरी घरं दाखवतायत. तो माणूस मीच, हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्या शुक्रवारी वरच्या मजल्यावर हळदीकुंकू होतं. बायकोने परत येऊन सांगितलं, जिला विचारावं ती म्हणते, माझे सगळे वन ग्रॅमचे. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये देशाच्या नोटा छापल्या जातात. आमची सोसायटी तिथून जेमतेम काही किलोमीटरवर. पण पन्नास हजारांवरची रोकड म्हणून मला एकाही घरात नोंद सापडली नाही.

आता राहिलं माझं घर. बायको मेथी निवडत होती.

“अगं, आपल्याकडे सोनं किती असेल?”

“कशाला?”

“तक्त्यात भरायचंय.”

“तक्त्याला सांगा, मंगळसूत्र आणि दोन बांगड्या.”

“आणि आईच्या पाटल्या?”

“मोडल्या.”

“कधी?”

“आत्ता. तुम्ही विचारलंत तेव्हा.”

मग मी माझ्या ओळीत पेन्शन लिहिली. आडगावकडे एक गुंठेवारीचा प्लॉट आहे, तो लिहायला रकाना पुरला नाही. दहावीचे टक्के मात्र खरे लिहिले : बावन्न. ते लपवण्यात अर्थ नव्हता, कारण आमच्याकडे भिशी होते.

नाशिककरांना आकडेवारीची ॲलर्जी आहे असं मात्र कुणी म्हणू नये. गोदावरीला पूर आला की गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, हे बातम्यांत सांगतात, सराफ बाजारात विचारतात, “दुतोंड्या मारुतीला कुठवर आलंय?” गुडघ्याला म्हणजे ठीक, कमरेला म्हणजे माल वरच्या फळीवर, गळ्याला म्हणजे दुकान सोडा. ही मोजणी कुणी नाकारत नाही, कारण मारुती उघड्यावर उभा आहे आणि पाणी त्याच्या गळ्याला लागलेलं गाडगे महाराज पुलावरूनही दिसतं. संपत्तीसाठी असा मारुती कुणी उभा केलेला नाही. आणि केलाच, तर आमच्या सोसायटीतले लोक पाणी उतरल्यावरच त्याला बघायला नेतील.

माझं कोष्टक असं निघालं : कुटुंबागणिक दहावीची सरासरी ८९ टक्के; कुटुंबागणिक संपत्ती, राहतं घर वगळून, ४१ हजार रुपये आणि काही बेदाणे. म्हणजे पैशाने मार्क मिळतात हा समज आमच्यापुरता खोटा ठरला होता. गरिबीतून एवढी गुणवत्ता जगात कुठेच नसेल.

गंमत अशी, की सरकारनेही या दोन रकान्यांची गाठ एके ठिकाणी घातलेली आहेच. जूनमध्ये सेतू केंद्रावर जा. हातात ९५ टक्क्यांची गुणपत्रिका आणि डोळ्यांत उत्पन्नाच्या दाखल्याची आस. नॉन-क्रिमीलेअरला आठ लाखांची मर्यादा. केंद्राच्या आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याला शिवाय पाच एकर शेती आणि हजार चौरस फुटांचा फ्लॅट याच्या आत असावं लागतं. कर गेला तरी संपत्ती कमी दाखवायचा सराव गेलेला नाही. पूर्वी तो कर चुकवायला लागायचा, आता ॲडमिशन मिळवायला.

सत्काराच्या दिवशी मी अहवाल वाचला. टाळ्या पडल्या, पहिल्या रकान्याला जास्त. लगेच सर्वसाधारण सभा होती. विषय एकच : लिफ्ट जुनी झाली, नवी बसवायची, त्यासाठी मेंटेनन्स वाढवायचा. खजिनदारांनी आकडा सांगितला आणि बागायतदार उठले. त्यांच्या हातात माझ्या अहवालाची झेरॉक्स. “सेक्रेटरी साहेबांनी घरोघर फिरून काढलंय. सरासरी संपत्ती एक्केचाळीस हजार. अशा लोकांकडून लिफ्टचे पैसे मागणं बरं दिसतं का?” सीए साहेबांनी अनुमोदन दिलं, त्यांच्याकडे उणे दोन लाख होते. ठराव फेटाळला गेला. मी चौथ्या मजल्यावर राहतो.

मग मॅडमनी दुसरा मुद्दा काढला. सरासरी ८९ च का? नव्वदच्या पुढे का नाही? चौकशीअंती असं आढळलं, की एका सदस्याच्या बावन्न टक्क्यांमुळे संपूर्ण सोसायटी खाली येते. बोर्डही बेस्ट ऑफ फाइव्ह धरतं, सगळ्यात कमी गुणांचा विषय सोडून देतं. तोच नियम आपणही लावावा. ठराव एकमताने मंजूर. मीही हात वर केला, सेक्रेटरीने विरोध केलेला बरा दिसत नाही.

इतिवृत्त मीच लिहिलं. शेवटी ‘आभारप्रदर्शनानंतर चहापान झाले’ असं लिहायची पद्धत आहे. पण ऐपतीचा विषय निघाल्यामुळे चहाचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा हे ठरलेलं नाही, आणि चहावाला पहिल्या मजल्यापर्यंत येऊन किटली तिथेच ठेवून गेला.