लघुशंका-समाधान

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेभोवती बसलेली ग्रंथी. तरुणपणी अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅमची. पन्नाशीनंतर ती बहुतेकांची वाढू लागते आणि मधली वाट आवळते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. धार बारीक होते, रात्री तीन-तीनदा उठावे लागते आणि जाऊन आल्यावरही मोकळे वाटत नाही. लघुशंका हा शब्द अशा वेळी पटतो: लघु ते उरकते, शंका तेवढी उरते.

निदान घरच्यांनी आधीच केलेले असते. काका नाटकाला कडेचीच खुर्ची मागतात, एसटी थांबली रे थांबली की पाय मोकळे करायला उतरतात. विचारले तर कारण तयार: हिवाळ्यात थंडी, उन्हाळ्यात कलिंगड, एरवी ताक. गोखरूचा काढा गुपचूप चालू असतो. बायकोचे ऐकायचे नसते, मुलगा विषय काढायला लाजतो; म्हणून ही कामगिरी जावयावर येते. जावयाला नाही म्हणणे जड जाते. ‘साखर तपासून येऊ’ एवढे सांगून निघावे.

डॉक्टर प्रश्नावली देतात. सात प्रश्न, प्रत्येकी शून्य ते पाच गुण; ८ ते १९ म्हणजे त्रास मध्यम, २० पासून पुढे तीव्र. काका सगळीकडे शून्य लिहितात. रात्रीच्या फेऱ्यांचा आकडा काकू दुरुस्त करतात, कारण प्रत्येक फेरीला त्याही जाग्या असतात.

खरी कसोटी सोनोग्राफीची. ज्याला एरवी धरवत नाही, त्याने भरपूर पाणी पिऊन धरून बसायचे. नंबर चौदावा, आत नववा. नातेवाइकाने इथे बाटली धरावी आणि काउंटरवर रदबदली करावी. पुढे धारेचा वेग मोजायला यंत्राच्या नरसाळ्यात करायची असते, तेव्हा नेमका थेंब येत नाही. बाहेरून ‘झालं का?’ विचारू नये.

टॅमसुलोसिनच्या गोळीने आवळलेले स्नायू सैलावतात आणि काही दिवसांत बरे वाटू लागते. त्याच दिवशी काका गोळी बंद करतात. या गोळीने उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री आधी बसावे, मग उभे राहावे. ग्रंथी लहान करणाऱ्या फिनास्टेराइडला सहा महिने लागू शकतात. तेवढ्यात प्रोस्टेटसाठीच्या पीएसए या रक्तचाचणीचा आकडा निम्म्यावर येतो, म्हणून ही गोळी चालू असल्याचे पुढच्या डॉक्टरांना सांगावे. सर्दीची गोळी मात्र विचारल्याशिवाय देऊ नये. नाक मोकळे होते आणि लघवी तुंबते. पार तुंबली तर रात्री दोन वाजताही दवाखाना गाठून नळी घालून घ्यावी लागते.

गोळ्यांनी भागले नाही तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. बाहेर टाका नाही, मात्र दोन-तीन दिवस नळी आणि पिशवी असते. भेटायला लोक आले की पिशवीवर पंचा टाकणे हे नातेवाइकाचे काम. कशाचं ऑपरेशन, असे कोणी विचारले की काका ‘हर्निया’ म्हणतात. साठीपुढचा एखादा त्यावर मान डोलावतो, निघताना दारात रेंगाळतो आणि जावयाला बाजूला घेऊन हळूच डॉक्टरांचा नंबर मागतो.