रीफवाले भाऊ

बालकवींच्या धरणगावात निसर्गवेडा माणूस निघाला तर नवल नाही. नवल एवढंच की त्याचा निसर्ग ३०० लिटरचा आहे, खारट आहे आणि त्याला इन्व्हर्टर लागतो. इथून समुद्र गाठायचा तर सुरतेच्या गाडीत बसून अर्धा खानदेश मागे टाकावा लागतो. भाऊने ती दगदगच ठेवली नाही. समुद्र बैठकीच्या खोलीत, दिवाणाशेजारी टाकीत आणून बसवला, मासे आणि प्रवाळांसकट. यालाच म्हणायचं ‘रीफ’.

असे भाऊ आता तालुक्याच्या गावीही भेटू लागलेत. वय चाळिशीच्या आसपास, बाजारात कृषी सेवा केंद्र, खिशात दोन मोबाइल. शेतकरी कपाशीचं आकसलेलं पान घेऊन दुकानात येतो. भाऊ पान उलटं करतो, भुवया उंचावतो आणि बाटली काढून काउंटरवर ठेवतो. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे जगात जिथे रोग आहे तिथे त्याची बाटलीही असणार, याबद्दल भाऊच्या मनात शंका उरलेली नाही.

समुद्र घरी करायची कृती तशी सोपी आहे. लिटरभर पाण्याला साधारण ३५ ग्रॅम खास मीठ; म्हणजे भाऊच्या टाकीला साडेदहा किलो. पाणी मात्र आरओचंच हवं. आता ज्या गावात ‘पानी उनं का?’ ही खुशालीची चौकशी समजतात, तिथे आरओ लिटरभर चांगलं पाणी देताना त्याहून जास्त मोरीत सोडतं, हे घरच्यांच्या डोळ्यांतून कसं सुटेल? माय ते वाया जाणारं पाणी बादलीत धरते, फरशी पुसते आणि ऐकू जाईल अशा बेताने म्हणते, “आमले नळनं पानी, आनि मासास्ले आरओनं!” भाऊ तेव्हा क्षारता मोजत असतो. क्षारता मोजताना त्याला ऐकू येत नाही.

मे महिन्यात बाहेर पारा ४५ वर जातो आणि प्रवाळाला लागतं २५-२६ अंश. म्हणून माशांना चिलर आहे, माणसांना कूलर. वीज गेली की फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या टाकीत पोहू लागतात आणि पाहुण्याला माठातलं पाणी मिळतं. प्रवाळ म्हणाल तर भाऊ कायदा पाळणारा माणूस आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने कठीण प्रवाळ वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवलेत. त्यामुळे टाकीतले बरेचसे ‘प्रवाळखडक’ सिरॅमिकचे आहेत. खऱ्यांपैकी दोन-तीन मऊ जाती वाऱ्यावर हलल्यासारख्या डुलतात. वारा पंपाचा.

तर अशा या सुखी समुद्रात एकदा एका माशावर पांढरे ठिपके आले. रव्याचे दाणे चिकटावेत तसे. भाऊचा हात सवयीने बाटलीकडे गेला. या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण तेच औषध प्रवाळ आणि कोळंबीच्या जिवावर उठतं. बाटली असून मारता येत नाही! कृषी सेवा केंद्राच्या मालकावर याहून वाईट वेळ येत नाही. दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी कुरियरने यूव्ही आलं.

यूव्ही म्हणजे काळ्या प्लास्टिकची नळी, आत क्वार्ट्झच्या काचेचं वेष्टण, त्यात दिवा. आपल्या स्वयंपाकघरातल्या फिल्टरमध्ये असतो त्याच जातीचा. २५४ नॅनोमीटर लांबीच्या लहरी जंतूच्या डीएनएवर घाव घालतात, त्याची वाढ खुंटते. क्वार्ट्झ एवढ्यासाठी, की साधी काच त्या लहरी अडवून धरते. भाऊ हे सगळं इतक्या गोडीने सांगतो की युरियाची गोणी घ्यायला आलेला माणूस गोणी विसरून घरी जातो.

एक मात्र विसरला नाही. कपाशीवाला म्हातारा, आयुष्य फवारणीत गेलेला. त्याने विचारलं, “भाऊ, या लाइटना काय फायदा?”

“पानीमाधला रोग मरस.”

“आनि मासावरना?”

भाऊने चहा सांगितला.

म्हाताऱ्याने नेमकं मर्म धरलं होतं. दिवा आपल्या जागेवरून हलत नाही. जे नळीतून जाईल तेवढ्याचाच तो समाचार घेतो. ठिपक्यांचा जीव आधी माशाच्या कातडीत राहतो, मग तळाला पडून वाळूत कोष करून बसतो, आणि त्यातून पिल्लं फुटली की ती थोडा वेळ पाण्यात पोहत नवा मासा शोधतात. त्या थोड्या वेळात जो नळीत शिरला तो गेला, बाकीचे सुखरूप. पंप जोरात असला तर आत शिरलेलाही उजेडाचं दर्शन घेऊन बाहेर पडतो. सुरुवातीला भाऊने पंप सर्वांत मोठाच लावला होता, हे सांगायला नकोच.

यूव्हीने काही होत नाही असं मात्र नाही. पाणी काचेसारखं होतं, हिरवटपणा जातो, साथीचा जोर थोडा मोडतो. टाकीला लागणारे उपकारी जिवाणू दगडांवर राहतात, त्यांनाही धक्का लागत नाही. फक्त दिवा वर्षाने बदलावा लागतो. निळा उजेड दिसत राहतो, पण मारण्याची ताकद ओसरलेली असते. भाऊचा दिवा तिसऱ्या वर्षात आहे. “चालू तर आहे की,” असं तो म्हणतो. मुदत संपलेलं औषध दुकानातून परत पाठवताना हाच माणूस तारीख तीनदा वाचतो.

खरा उपाय भाऊला ठाऊक आहे. सगळे मासे वेगळ्या टाकीत काढून तिथे औषध द्यायचं आणि मोठी टाकी अडीच महिने माशांविना ठेवायची, म्हणजे यजमान न मिळून रोग आपोआप संपतो. पण अडीच महिने पाहुण्यांना दाखवायचं काय? सिरॅमिकचे दगड? त्यापेक्षा त्याने दुसरं यूव्ही मागवलंय, आधीच्यापेक्षा दुप्पट वॉटचं.

तुमच्या गावात असा भाऊ असेल तर टाकीचं कौतुक जरूर करा, किंमत विचारू नका आणि त्या दिव्यात डोळे घालून पाहू नका. डोळ्यांना इजा होते. जमलंच तर नव्या माशासाठी वेगळी छोटी टाकी घ्यायला सांगा. ती दुसऱ्या यूव्हीपेक्षा स्वस्त पडते.